पुराचे गणित : अभियंत्याची आकडेमोड आणि तिची पारख

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला आलेल्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरील जुना दगडी पूल वाहून गेला. राज्य परिवहन महामंडळाच्या दोन बसगाड्या आणि आणखी काही वाहने त्या अंधारात नदीत कोसळली. पूल का पडतो, या प्रश्नाला अनेक पदर असतात. बांधकामाचे वय, पायाखालची धूप, देखभालीची स्थिती या सर्वांचा विचार त्यात करावा लागतो. तथापि पूल असो, मोरी असो वा धरणाचा सांडवा असो, त्याच्या रचनेपूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न एकच असतो. येथून किती पाणी जाईल असे धरावयाचे आणि तो आकडा कशाच्या आधारे काढावयाचा?

हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष जिव्हाळ्याचा आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर व त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तर घाटाच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. शिवाय हा सारा पाऊस वर्षातील चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. अशा लहरी पावसाचा हिशेब मांडण्यासाठी अभियंते ज्या पद्धती नेहमी वापरतात, त्यांची ओळख एका उदाहरणाच्या साह्याने या लेखात करून द्यावयाची आहे. या पद्धतींचे गणित शाळेतील बेरीज-वजाबाकीच्या फारसे पलीकडे जात नाही. कठीण असते ती आलेल्या उत्तराची पारख. प्रत्येक उत्तराला एक अनिश्चितता चिकटलेली असते आणि ती उत्तराबरोबर सांगितली नाही, तर अचूक आकडेमोडही दिशाभूल करू शकते.

आरंभ नोंदीपासून

सर्व हिशेबाचा पाया म्हणजे पर्जन्यमापकाची नोंद. आपल्याकडे दीर्घकाळ वापरात असलेल्या सायमन्स पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास १२७ मिलिमीटर असतो. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला, तर आतल्या बाटलीत जेमतेम पावणेतेरा घनसेंटिमीटर पाणी साठते. बाटली ओतताना चमचा-दोन चमचे पाणी सांडले, तरी मिलिमीटरभराची चूक होते. मापकाशेजारी वाढलेले झाड, नव्याने उभी राहिलेली भिंत, सुटीच्या दिवशी न घेतलेली आणि दुसऱ्या दिवशी एकत्र लिहिलेली नोंद, या गोष्टी कागदावर दिसत नाहीत. परंतु वीस वर्षांनंतर त्या आकड्यांवर पूल बांधला जातो.

नोंद विश्वासार्ह आहे की नाही, हे तपासण्याची एक साधी रीत आहे. आपल्या केंद्रावरील वार्षिक पावसाची वर्षानुवर्षांची चढती बेरीज एका अक्षावर आणि आजूबाजूच्या पाच-सहा केंद्रांच्या सरासरी पावसाची तशीच बेरीज दुसऱ्या अक्षावर मांडावी. दोन्ही नोंदी सुसंगत असतील, तर बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. एखाद्या वर्षापासून रेषेचा उतार कायमचा बदललेला दिसला, तर त्या वर्षी मापकाची जागा, उपकरण किंवा नोंदीची पद्धत बदलली असावी, अशी शंका घेऊन शोध घ्यावा. या आलेखास दुहेरी संचयी वक्र म्हणतात.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत चाललेली एकच अतिवृष्टी त्यामुळे दोन दिवसांच्या खात्यांत विभागली जाते. सलग कोणत्याही चोवीस तासांचा खरा कमाल पाऊस हा नोंदीतील एका दिवसाच्या कमाल पावसापेक्षा सरासरीने सुमारे १३ टक्क्यांनी अधिक धरण्याची जी प्रथा आहे, तिचे कारण हेच होय.

सरासरी आणि प्रमाण विचलन

आता उदाहरण घेऊ. पठारावरील एका काल्पनिक केंद्रावर २० वर्षांत, प्रत्येक वर्षी एका दिवसात पडलेला सर्वाधिक पाऊस मिलिमीटरमध्ये पुढीलप्रमाणे नोंदला गेला, असे समजा :

९२, ११८, ७४, १३६, १०५, १६०, ८८, १२२, ९७, १४३, ८१, ११०, २०५, ९९, १२८, ७६, ११४, १५१, १०१, १२०.

या आकड्यांची बेरीज २,३२० येते. तिला २० ने भागले असता सरासरी ११६ मिलिमीटर मिळते. हेच आकडे उतरत्या क्रमाने लावले, तर मधल्या दोन आकड्यांच्या, म्हणजे ११४ आणि ११० यांच्या मधोमध ११२ हा मध्यक येतो. सरासरी मध्यकापेक्षा अधिक असणे हे पावसाच्या आकड्यांचे नेहमीचे लक्षण आहे. पाऊस शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, वर मात्र बराच जाऊ शकतो. एखादे असामान्य वर्ष सरासरीला वर ओढते, मध्यक मात्र फारसा हलत नाही.

सरासरीवर पुलाची रचना करता येत नाही, हे उघड आहे. या २० वर्षांपैकी ९ वर्षांत पाऊस सरासरीहून अधिक झाला आहे. तेव्हा आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, हे जाणून घेणे आवश्यक ठरते. त्यासाठी प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर काढावे, त्या अंतराचा वर्ग करावा, सर्व वर्गांची बेरीज करून तिला नोंदींच्या संख्येपेक्षा एकने कमी अशा संख्येने भागावे आणि भागाकाराचे वर्गमूळ घ्यावे. येथे वर्गांची बेरीज १९,३९६ येते. तिला १९ ने भागून वर्गमूळ घेतले असता सुमारे ३२ मिलिमीटर हे प्रमाण विचलन मिळते.

या बेरजेकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. १९,३९६ पैकी ७,९२१ हा हिस्सा एकट्या २०५ मिलिमीटरच्या नोंदीचा आहे. म्हणजे २० वर्षांच्या पसाऱ्यातील दोन-पंचमांश भाग एका वर्षाने व्यापला आहे. या नोंदीकडे आपणास पुन्हा वळावयाचे आहे.

पुनरावृत्तिकाल म्हणजे काय?

वार्षिक कमाल पावसाचे आकडे उतरत्या क्रमाने लावून प्रत्येकास क्रमांक द्यावा. नोंदींच्या वर्षांत एक मिळवून आलेल्या संख्येला त्या क्रमांकाने भागले, की त्या पावसाचा अंदाजे पुनरावृत्तिकाल मिळतो. आपल्या उदाहरणात २०५ मिलिमीटरचा क्रमांक पहिला, म्हणून त्याचा पुनरावृत्तिकाल २१ वर्षे. १६० मिलिमीटरचा साडेदहा वर्षे, १५१ मिलिमीटरचा ७ वर्षे. ही वायबुल यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत होय.

परंतु पुलासाठी ५० किंवा १०० वर्षांच्या पुनरावृत्तिकालाचा पाऊस हवा असतो आणि नोंदी तर २० वर्षांच्याच आहेत. नोंदीपलीकडे जाण्यासाठी एखाद्या संभाव्यता-नियमाचा आधार घ्यावा लागतो. कमाल मूल्यांच्या अभ्यासासाठी जर्मनीत जन्मलेले गणितज्ञ एमिल गुंबेल यांनी विकसित केलेला नियम आपल्याकडे अनेक वर्षांपासून वापरात आहे. त्याची मांडणी सोपी आहे :

अपेक्षित कमाल पाऊस = सरासरी + (वारंवारता गुणक × प्रमाण विचलन)

वारंवारता गुणक हा हवा असलेला पुनरावृत्तिकाल आणि नोंदींची संख्या यांवर अवलंबून असतो. त्याची कोष्टके तयार आहेत. २० वर्षांच्या नोंदीसाठी हा गुणक १० वर्षांच्या पुनरावृत्तिकालास १.६२, २५ वर्षांस २.५२, ५० वर्षांस ३.१८ आणि १०० वर्षांस ३.८४ असा येतो. सरासरी ११६ आणि प्रमाण विचलन ३२ घेऊन आकडेमोड केली असता पुढील उत्तरे मिळतात :

१० वर्षे : १६८ मिलिमीटर
२५ वर्षे : १९७ मिलिमीटर
५० वर्षे : २१८ मिलिमीटर
१०० वर्षे : २३९ मिलिमीटर

नोंदी जितक्या कमी, तितका हा गुणक मोठा असतो. नोंदी अमर्याद असत्या, तर १०० वर्षांसाठी तो ३.१४ एवढाच आला असता. अल्प माहितीवर निर्णय घ्यावयाचा असेल, तर सावधगिरीचे माप थोडे अधिक घालावे लागते, ही व्यवहारातील शहाणीव गणितातही अशी उतरली आहे.

उत्तर किती पक्के?

१०० वर्षांसाठी २३९ मिलिमीटर हे उत्तर आले. अंदाजपत्रकात ते २३८.९ असेही लिहिता येईल. दशांशचिन्हामुळे आकडा अधिक अचूक असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तसे नसते. गुंबेल पद्धतीत उत्तराची प्रमाण त्रुटीही काढता येते. आपल्या उदाहरणात ती सुमारे ३४ मिलिमीटर येते. याचा अर्थ असा, की निवडलेला नियम योग्य आहे असे मानले, तरी १०० वर्षांचा खरा पाऊस २०५ ते २७३ मिलिमीटर या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारणपणे तीनांत दोन एवढीच आहे. तो या पट्ट्याबाहेर असण्याची शक्यताही दुर्लक्षणीय नाही.

नोंदी चौपट, म्हणजे ८० वर्षांच्या असत्या आणि सरासरी व विचलन तेच राहिले असते, तर ही त्रुटी सुमारे १५ मिलिमीटरवर आली असती. संगणकाने आकडेमोड क्षणात होते, परंतु २० वर्षांच्या नोंदींना ८० वर्षांच्या नोंदींचे वजन कोणताही संगणक देऊ शकत नाही. ते वजन रोज सकाळी पर्जन्यमापक पाहणारा नोंदणी कर्मचारी देतो.

विसंगत वाटणारी नोंद

आता २०५ मिलिमीटरच्या नोंदीकडे वळू. ती इतर आकड्यांहून इतकी वेगळी आहे, की ती चुकीची असावी असे वाटण्याचा मोह होतो. ती वगळून उरलेल्या १९ वर्षांचा हिशेब केला, तर सरासरी १११ आणि प्रमाण विचलन जवळजवळ २५ मिलिमीटर येते. १०० वर्षांचा पाऊस मग २३९ ऐवजी २०७ मिलिमीटर निघतो. एक ओळ खोडल्याने रचनेचा पाऊस ३२ मिलिमीटरने उतरला, बांधकामाचा खर्च कमी झाला आणि कागद नीटनेटका दिसू लागला. धोका मात्र जिथे होता तिथेच राहिला.

विसंगत नोंद खरी की खोटी, हे तिच्या आकारावरून ठरवू नये. शेजारच्या केंद्रांच्या नोंदी, त्या दिवशीची नदीची पातळी, देवळाच्या पायरीवर वा जुन्या वाड्याच्या भिंतीवर राहिलेल्या पुराच्या खुणा आणि गावकऱ्यांच्या आठवणी यांच्याशी ती ताडून पाहावी. शेजारच्या केंद्राची साक्षही नेहमीच निर्णायक नसते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे केवळ ७३ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याचा आकडा प्रमाण मानून सांताक्रूझची नोंद कोणी संशयास्पद ठरवली असती, तर त्या दिवशी पाण्यात बुडालेल्या उपनगरांनीच त्याचे खंडन केले असते. त्या अनुभवानंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्यात आले, हे योग्यच झाले. दोन केंद्रांवरून एवढ्या विस्तीर्ण महानगराचा पाऊस कळणार नाही, हा त्यातील धडा होय.

नोंद खरोखर चुकीची असल्याचा पुरावा मिळाला, तर ती अवश्य वगळावी. परंतु का वगळली, हे अहवालात लिहून ठेवावे. पुरावा नसेल, तर ती ठेवावी.

पावसाकडून प्रवाहाकडे

पुलाखालून पाऊस जात नाही, पाणी जाते. तेव्हा पावसाचे रूपांतर विसर्गात करावयाचे असते. लहान पाणलोट क्षेत्रांसाठी यास एक सोपे सूत्र आहे :

विसर्ग = प्रवाह गुणांक × पावसाची तीव्रता × क्षेत्र ÷ ३६०

येथे तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये, क्षेत्र हेक्टरमध्ये आणि विसर्ग सेकंदाला घनमीटरमध्ये धरावयाचा. पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा वाहून जातो, हे प्रवाह गुणांक दाखवितो. नांगरलेल्या सपाट शेतात तो कमी असतो, खडकाळ उतारावर वाढतो आणि काँक्रीट व डांबराने झाकलेल्या शहरात एकाच्या जवळ जातो.

आपल्या उदाहरणातील नाल्याचे क्षेत्र ३०० हेक्टर, प्रवाह गुणांक ०.६ आणि सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी मोरीपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ एक तास आहे, असे धरू. दिवसाच्या पावसावरून तासाचा पाऊस काढण्यासाठी आपल्याकडे एकतृतीयांश घाताचा नियम वापरतात. एक तास हा दिवसाचा चोविसावा भाग, त्याचे घनमूळ सुमारे ०.३५. त्यानुसार २३९ मिलिमीटरच्या दिवसात एका तासाचा कमाल पाऊस सुमारे ८३ मिलिमीटर येतो आणि विसर्ग सेकंदाला सुमारे ४१.५ घनमीटर. ती एक नोंद खोडली असती, तर हाच विसर्ग ३६ घनमीटर निघाला असता.

आता याच नाल्यास दुसरे एक प्रसिद्ध सूत्र लावून पाहू. खडकवासला येथील जल संशोधन केंद्राशी दीर्घकाळ निगडित असलेले सर क्लॉड इंग्लिस यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील नद्यांच्या पूरनोंदींवरून हे सूत्र बसविले. चौरस किलोमीटरमधील क्षेत्राला १२४ ने गुणावे आणि त्याच क्षेत्रात १०.४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे, असे ते सांगते. आपले क्षेत्र ३ चौरस किलोमीटर आहे. उत्तर येते सेकंदाला सुमारे १०२ घनमीटर, म्हणजे आधीच्या उत्तराच्या जवळजवळ अडीचपट.

दोहोंपैकी खरे कोणते? इंग्लिस यांच्या सूत्रात पाऊस, माती वा उतार यांना स्थान नाही, कारण ते सर्व त्या १२४ या आकड्यात सामावलेले आहे. घाटातून उतरणाऱ्या, तुफान पावसाच्या नद्यांचा अनुभव त्यात साठविलेला आहे. आपला काल्पनिक नाला मात्र पठारावरचा आहे. सूत्र चुकीचे नाही, ते आपल्या मायभूमीबाहेर वापरले गेले एवढेच. कोकणातील ओढ्यावर हेच सूत्र लावले असता ते अधिक समर्पक ठरेल आणि तेथे पहिल्या रीतीत पठारावरील पाऊस घालणे घातक ठरेल. यास्तव कोणतेही अनुभवसिद्ध सूत्र हाती घेताना ते कोणत्या प्रदेशातील, किती क्षेत्रांच्या नोंदींवरून बसविले आहे, हे प्रथम पाहावे. दोन रीतींची उत्तरे फार भिन्न आली, तर त्यांची सरासरी काढून समाधान मानू नये, भिन्नतेचे कारण शोधावे.

गृहीतके बदलली की उत्तर किती बदलते, याचे मुंबईइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. शहराची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ हा प्रवाह गुणांक धरून आखलेली होती. ३६ हेक्टरांच्या वस्तीसाठी या हिशेबाने सेकंदाला १.२५ घनमीटर पाणी वाहून नेण्याची सोय पुरेशी ठरते. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि १ हा गुणांक सुचविला. त्याच वस्तीसाठी विसर्ग ५ घनमीटर झाला, म्हणजे चौपट. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका तासात १९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. त्या हिशेबाने हाच आकडा १९ घनमीटर येतो. त्या आपत्तीची कारणमीमांसा करण्यासाठी राज्य शासनाने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि तिचा अहवाल २००६ मध्ये सादर झाला. गटारे तीच राहिली आणि भोवतालची माती काँक्रीटखाली गेली, तर पाऊस न वाढताही पूर वाढतो, ही गोष्ट वरील सूत्रातील गुणांकाकडे पाहिले तरी स्पष्ट होते.

शंभर वर्षांचा पूर आणि एका पिढीचा धोका

शंभर वर्षांचा पूर या शब्दप्रयोगाने जितका गैरसमज पसरविला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या तांत्रिक शब्दाने पसरविला असेल. असा पूर एकदा येऊन गेला, की पुढील शंभर वर्षे निर्धास्त राहावे, असे अनेकांस वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच, की कोणत्याही एका वर्षी तेवढा वा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता शंभरांत एक आहे. गतवर्षी तो आला असला, तरी यंदाची शक्यता तेवढीच राहते.

एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. सलग ३० वर्षे तो न येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा स्वतःशी ३० वेळा गुणाकार, अर्थात ०.७४. म्हणून ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के. शंभर वर्षांत ती ६३ टक्के होते. २५ वर्षांच्या पुरासाठी बांधलेल्या मोरीला ५० वर्षांच्या आयुष्यात त्याहून मोठा पूर पाहावा लागण्याची शक्यता ८७ टक्के आहे. असा धोका पन्नास वर्षांत दहा टक्क्यांपेक्षा अधिक नको असेल, तर रचना सुमारे ४७५ वर्षांच्या पुनरावृत्तिकालासाठी करावी लागते.

किती धोका पत्करावयाचा, हे गणित ठरवीत नाही. ओलांडून वाहिले तरी चालेल अशा खेड्यातील फरशी पुलासाठी एक माप, हमरस्त्यावरील पुलासाठी दुसरे आणि खाली वस्ती असलेल्या धरणासाठी तिसरे, असा विवेक समाजाला करावा लागतो. धरणांच्या सांडव्यांबाबत १९८५ च्या भारतीय मानकाने हा विवेक शब्दबद्ध केला आहे. लहान धरणांसाठी शंभर वर्षांचा पूर, मध्यम धरणांसाठी त्या प्रदेशातील तीव्र वादळी पावसावरून काढलेला प्रमाण प्रकल्प पूर आणि मोठ्या धरणांसाठी निसर्गतः संभवणारा कमाल पूर विचारात घ्यावा, असे त्यात सांगितले आहे.

या काळजीचे मोल सौराष्ट्राने जाणले आहे. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मोरबीजवळील मच्छू-२ धरणाचे मातीचे बांध पुराचे पाणी वरून वाहिल्याने फुटले आणि मोरबी शहर पाण्याखाली गेले. धरणाचा सांडवा सेकंदाला सुमारे ५,६६० घनमीटर पाण्यासाठी आखलेला होता. काही अंदाजांनुसार प्रत्यक्षातील पूर त्याच्या जवळजवळ तिप्पट होता. पुढे धरणाची पुनर्रचना करताना सांडव्याची क्षमता अनेक पटींनी वाढविण्यात आली. हजारोंच्या जीविताचा प्रश्न असेल, तेथे उपलब्ध नोंदींतील सर्वांत मोठ्या आकड्यावर विसंबून चालत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

बदलत्या पावसाचा प्रश्न

वर सांगितलेल्या सर्व पद्धतींमागे एक गृहीतक आहे. पावसाचा स्वभाव पूर्वी जसा होता तसाच पुढेही राहील, असे त्या मानतात. या गृहीतकाचीही आता तपासणी करावी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यात आढळले. म्हणून जुन्या नोंदी टाकून द्याव्यात असे नव्हे. नोंदींचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळा करून दोहोंची सरासरी व विचलन ताडून पाहावे, आणि दर दहा-पंधरा वर्षांनी नव्या नोंदी मिळवून हिशेब पुन्हा करावा. एकदा काढलेला रचनेचा पूर हा कायमचा नसतो.

चार प्रश्न

पुलाची वा बंधाऱ्याची मंजुरी केवळ अभियंत्यांच्या हाती नसते. जिल्हा परिषदेचे सदस्य, ग्रामपंचायतीचे पदाधिकारी आणि जागरूक नागरिक यांच्यासमोरही हे कागद येतात. आकडेमोड तपासणे त्यांना शक्य नसले, तरी चार प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत. नोंदी किती वर्षांच्या आणि कोणत्या केंद्राच्या आहेत? एखादी नोंद वगळली असल्यास कोणत्या पुराव्यावरून? वापरलेले सूत्र आपल्या प्रदेशास लागू आहे काय आणि दुसऱ्या रीतीने उत्तर किती येते? बांधकामाच्या आयुष्यात हा पूर ओलांडला जाण्याची शक्यता किती धरली आहे? या प्रश्नांना मुद्देसूद उत्तरे मिळाली, तर हिशेब डोळसपणे झाला आहे असे समजण्यास हरकत नाही. उत्तराऐवजी केवळ दशांशचिन्हासहित एक आकडा पुढे करण्यात आला, तर अहवाल पुन्हा पाहण्याची विनंती करावी.

तरुण अभियंत्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या उपविभागातील प्रत्येक मोरीवर व पुलावर पूर ओसरताच पाण्याने गाठलेल्या उच्च पातळीची खूण करावी, तारीख घालावी आणि ती नोंदवहीत उतरवावी. या कामास रंगाचा डबा आणि तासाभराचा वेळ याहून अधिक काही लागत नाही. त्या खुणा आज कदाचित कोणाच्या उपयोगी पडणार नाहीत. परंतु पंचवीस-तीस वर्षांनी त्या ठिकाणी नवा पूल उभारण्याची वेळ येईल, तेव्हा त्यावरून जाणाऱ्या माणसांची सुरक्षितता बऱ्याच अंशी त्या खुणांवर अवलंबून राहील.